कोर माझा

"माझा कोरस पळवला," खुर्चीत टेकण्याआधीच विक्रम म्हणाला.

प्रताप नगरातल्या दोन खोल्यांत गार्गी देव तपासाची कामं घेते आणि ओमप्रकाश तिला मदत करतो, निदान त्याचा तरी तसा समज आहे. विक्रम संगीत-संचालक. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन सिंफनीचं त्याने नागपुरात नवं रेकॉर्डिंग केलं होतं. वाद्यं एका डिस्कवर, शेवटी गाणारा चाळीस जणांचा कोरस दुसऱ्या डिस्कवर. रविवारी प्रकाशन होतं आणि कोरसची डिस्क कपाटातून गेली होती. दुसरी प्रत नव्हती.

"लेबलवर जर्मन शब्द होता, चोर. म्हणजे कोरस," त्याने सांगितलं. ओमप्रकाशला हसू आवरेना.

डिस्कच्या जागी टाइप केलेली चिठ्ठी होती: कोर माझा. आता तूच गा.

"चंद्राची असो की भाकरीची, कोर ती असते," ओमप्रकाश म्हणाला. "लिहिणाऱ्याले मराठी येत नाही."

कपाटाची किल्ली आणखी तिघांकडे होती. रेकॉर्डिंग करणारा पियूष म्हणाला, "सर चोर म्हणत, म्हणून आम्हीबी चोर डिस्कच म्हणून राहिलो." गायिका अदितीचं एकटीचं गाणं विक्रमने कापलं होतं आणि तिने राग लपवला नाही. पण ती चोरवाली डिस्क नेऊन मी काय करू, असं तिने विचारलं.

तिसऱ्या ताराबाई, वय साठ. विक्रमच्या मते त्या सरावाला नुसता पियानो वाजवत. कोरसला जर्मन म्हणे त्याने स्वतः दोन वर्षं शिकवलं, कव्हरवरही तसंच छापलं होतं.

"मले काहून विचारता? कव्हरवर माझं नाव आहे का?" एवढंच त्या बोलल्या. पियानोवर पानांचा गठ्ठा होता. त्यांवर त्यांच्या बारीक अक्षरात जर्मन शब्द देवनागरीत उतरवलेले होते. गार्गीने एक पान मागून घेतलं.

संध्याकाळी तिने सगळ्यांना सरावाच्या हॉलमध्ये बोलावलं, चाळीस गाणाऱ्यांसकट.

"चिठ्ठीतलं मराठी चोख आहे," ती म्हणाली. "ही चंद्राची कोर नाही, हा कोरस आहे. म्हणून माझा. लेबलवर सी-एच-ओ-आर आहे आणि जर्मन लोक त्याला कोर म्हणतात. पियूष नि अदिती चोर म्हणतात, कारण त्यांनी ते विक्रमकडून ऐकलं. या पानाच्या डोक्यावर मात्र कोर लिहिलंय, ताराबाईंच्या हातचं. चिठ्ठी त्यांचीच. आणि विक्रम, चाळीस जणांना जर्मन शिकवलं म्हणता, मग कोरसचं नावच कसं चुकलं?"



ताराबाईंनी पिशवीतून डिस्क काढून मांडीवर ठेवली. "दोन वर्षं घसा मी फोडला, नाव यानं लावलं. खुशाल पोलिसांत द्या मले."

विक्रम घाईने म्हणाला की कव्हर बदलतो, नाव टाकतो.

"नाव नको आता." त्यांनी मूळ जर्मन पान त्याच्यासमोर धरलं. दोन वर्षांचा सगळा राग त्यांच्या आवाजात होता. "यांच्यासमोर हे वाच गा. मग घेऊन जाय डिस्क."

चाळीस जण उठून उभे राहिले. विक्रमने चष्मा पुसला, पहिल्या शब्दावर बोट ठेवलं, आणि ते बोट तिथून हललं नाही.