भोंग्याची दोरी

हिरालाल पटले यांचं प्रेत सकाळी सात वाजता बॉयलर घराच्या भिंतीखाली सापडलं. बाजूला बांबूची शिडी आडवी पडली होती. वर, पंधरा फुटांवर, मिलचा पितळी भोंगा जागेवर नव्हता. तो जिथे बसवलेला होता, त्या लोखंडी दांड्यावरून एक दोरी लोंबत होती.

गोंदियाजवळची ती कापडाची मिल पाडून नऊ वर्षं झाली होती. उरली होती चिमणी, ही भिंत आणि भोंगा. एवढं तरी राहू द्या, असा अर्ज जुन्या कामगारांनी केला होता. त्यावर पहिली सही हिरालालची. फाटकाच्या किल्ल्या राखण करणाऱ्या तिघांकडे होत्या: आयुष्यभर बॉयलरवर राबलेले हिरालाल, लूम खात्यातले विणकर जागेश्वर आणि टाइम ऑफिसचे केशोराव.

हवालदार टिकेशने दोन दिवसांत निकाल लावला. म्हाताऱ्याने भोंगा उतरवला, साथीदाराने नेला, म्हातारा पडला. पेपरात तीन ओळी आल्या. मथळा होता, ‘राखणदारच चोर’.

हिरालालची मुलगी रेणू अर्जुनी मोरगावला शिक्षिका होती. तिने रजा वाढवली आणि ठाण्यात जाऊन दोरी मागितली.

“दोरी कायले पाहिजे, मॅडम?”

“बघायची आहे.”

दोरी दोन तुकड्यांची होती. एक काथ्याचा, एक नायलॉनचा. जोडावरची गाठ लहान, चपटी होती. दोन्ही टोकं गाठीला लागून कापलेली.

“ही टोकं तुम्ही कापलीत?”

“नाई. जशी भेटली तशीच आहे. काऊन?”

तिने दोरी गुंडाळून टेबलावर ठेवली. प्रेताजवळ सापडलेला हिरालालचा जेवणाचा डबा टिकेशने तिला परत दिला. त्यावरच्या फडक्याची गाठ अजून तशीच होती, तीन वेढ्यांची, लिंबाएवढी. लहानपणी ती गाठ सोडायला रेणूला खिळा लागायचा, आणि आई म्हणायची, तुझा बाप डबा नाही, बैल बांधतो. या वेळीही खिळाच लागला. आतली भाजी नासली होती.

मग ती किल्ल्या असलेल्या दुसऱ्या दोघांकडे गेली. केशोराव म्हणाले, पहाटे ते स्टेशनवर होते, नागपूरहून येणाऱ्या लेकीला घ्यायला. लेकीने तेच सांगितलं. जागेश्वर म्हणाले, ते दवनीवाड्याच्या शेतात होते, एकटेच. त्यांच्या दोन्ही तळहातांना पट्ट्या होत्या. विळा लागला म्हणाले.

तेरवीला रेणूने टिकेशलाही बोलावलं. जेवणाआधी फोटोचा हार तुटला. तिने टोकं केशोरावांकडे दिली.

“आमी जनमभर हजेरी लिवली, पोरी. गाठी मारनं आमचं काम नाई,” म्हणून त्यांनी हार जागेश्वरांच्या हातात दिला.

जागेश्वर शेजाऱ्याला हिरालालच्या गोष्टी सांगत होते. डोळे ओले होते. बोलता बोलता त्यांची बोटं हलली, त्यांनी दोन्ही टोकं दातांनी तोडली आणि हार फोटोला घातला. हाताकडे त्यांनी पाहिलंही नाही.

रेणूने हार काढून टिकेशपुढे ठेवला. टिकेशने तिच्या सांगण्यावरून आणलेली दोरी पिशवीतून काढून बाजूला ठेवली. त्याने दोन्ही गाठी पाहिल्या, मग जागेश्वरांकडे.

“हार मीच तोडला होता,” रेणू म्हणाली. “बाबूजींना ही गाठ येत नव्हती. ही लूम खात्यातली. धागा तुटला की विणकर अशी गाठ मारतो आणि टोकं तोडतो, नाहीतर ती मागाच्या फणीत अडकतात. दोरीची टोकं कापायची काही गरज नव्हती. दिवसाला शंभर वेळा केलेलं काम, हाताने आपोआप केलं. आणि विळा दोन्ही तळव्यांना सारखा लागत नाही, काका. शिडी पडल्यावर तुम्ही या दोरीवरून घसरत उतरलात. म्हणून ती वरच राहिली.”

जागेश्वर भिंतीला टेकून खाली बसले.

जागेच्या नव्या मालकाने त्यांना शब्द दिला होता: भोंगा गेला की अर्जात जीव उरत नाही, मग तुझ्या पोराला चौकीदार लावतो. भोंगा घरी भाताच्या तणसाच्या ढिगात होता. हे त्यांनी टिकेशला हळू आवाजात सांगितलं.

“बाबूजींनी तुम्हाला पकडलं?”

“भोंगा उतरवला होता. दोरी सोडाले वर चढलो, अन् मले चक्कर आली. तो आला, ओरडला नाई. म्हने, जागेश्वर, हालू नको, पडशीन. मले धराले वर चढला. शिडी सरकली. मी दांड्याले लटकलो.”

“पडल्यावर ते जिवंत होते?”

“पानी मांगत होता.”

“दिलंत?”

“नाई. भोंगा घेऊन पळालो.”

“तेरा दिवस तुम्ही या घरी येऊन बसलात,” रेणू म्हणाली. “लोक त्यांना चोर म्हणत होते.”

टिकेश त्यांना घेऊन गेला. पंगत तशीच बसली. पेपरात दुरुस्ती येईल का, असं केशोरावांनी विचारलं.

रेणूने कात्रीने हारातली ती गाठ कापून टाकली. मग दोन्ही टोकं जोडून तिने स्वतः गाठ मारली, तीन वेढ्यांची, लिंबाएवढी, आणि हार फोटोला घातला.