अम्मीचा श्वास

अकोल्याच्या स्टँडसमोर वकारचं कॅसेटचं दुकान होतं. अरीबा तिथं शिरली ती फक्त ऊन टाळायला. पण पर्समध्ये अम्मीची कॅसेट होती... एका लग्नात अम्मीनं गायलेलं बिदाईचं गाणं. अम्मी जाऊन वर्ष झालं होतं.

"फीत घासली हाय," वकार म्हणाला. "डीव्हीडी-ऑडिओ या नव्या चकतीवर उतरवतो. आता जमाना त्याचाच येणार. गाण्याआधी अम्मीनं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येईल."

"अन् साध्या सीडीवर?"

"श्वास... नाही येत." त्यानं मान खाली घातली.

"पण वकारभाई, ती नवी चकती वाजवायचं मशीन आमच्या घरी कुठून असणार?"

"इथं हाय ना. दर जुम्म्याले येत जा. अन्... भाई नका म्हणू."

"मंग काय, चाचा म्हणू?"

ती दर शुक्रवारी येऊ लागली. तो हेडफोन रुमालानं पुसून द्यायचा. गाण्याआधी तिचे डोळे मिटायचे – आणि तोही श्वास रोखून धरायचा.

त्या वर्षीही कापूस गेला. खेड्यांतली गिऱ्हाइकं यायची थांबली. अरीबाच्या अब्बांनी सामूहिक निकाहात तिचं नाव दिलं. मुलगा अचलपूरचा.

शेवटच्या शुक्रवारी तिनं हेडफोन घातलाच नाही.

"तुमची ही चकती टिकेल ना?"

"चकती टिकते. वाजवणारं मशीन टिकत नाही. कोणीच घेऊन नाही राहिलं... मी पण दुकान बंद करून राहिलो."

"आणखी काही बोलायचं नाही तुमाले?"

 वकारनं खणातून तेच गाणं भरलेली एक साधी सीडी काढली.

"ही कुठंबी वाजते. फक्त तो श्वास..."

"माहीत हाय," म्हणून ती पटकन वळली.

अचलपूरला आठव्या दिवशी नणंदेनं, नाजियानं, हौसेनं ती सीडी लावली. अरीबानं मनाची तयारी केली होती. आधी थोडी खरखर झाली...

आणि अम्मीनं श्वास घेतला. तस्साच. स्वच्छ.

अरीबा जागच्या जागी बसली. म्हणजे साध्या सीडीवरही तो येत होता. पहिल्या दिवसापासून.

"भाभी, काहून रडून राहिल्या?"

"अम्मीची याद आली," ती म्हणाली. गाणं सुरू झालं होतं. तिनं हात लांबवून ते पुन्हा अगदी सुरुवातीला नेलं.