पळसाचा दोधू

मी मोजणी खात्यातला माणूस. जमीन असो की घरातली एखादी गोष्ट, तिच्या चारी कोपऱ्यांवर खुणेचे दगड रोवल्याशिवाय मला चैन पडत नाही. 'हिंमतरावांनी हातात घेतलं म्हणजे निकाल लागलाच,' असं गावात म्हणत. खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला आवडायचं.

म्हणून धाकटा भाऊ दोधू उमरघळीत नाहीसा झाला, तेव्हा त्याचाही निकाल मीच लावला.

एकोणीसशे सदतीसची दिवाळी. भाऊबीज झाली आणि दोधू दोन मित्रांबरोबर घळ पाहायला निघाला. त्याला जनावरं बघायचा भारी नाद. बंदूक नाही, काही नाही. नुसतं तासन्‌तास बघत बसायचं. घळ खापर गावाच्या पुढे, सातपुड्यात. नदीने तिथे डोंगर असा उभा चिरलाय की वरून टाकलेला दगड पाण्यात पडेपर्यंत सावकाश पाच आकडे मोजून होतात. मित्र वर पत्ते खेळत बसले आणि दोधू कळशी घेऊन पाण्याला खाली उतरला. तो वर आलाच नाही. चार दिवस तिथल्या लोकांनी डोहात गळ टाकले. कळशी सापडली. सुसरीने नेलं, असं सगळ्यांचं मत पडलं.

सगळ्यांचं, एक माय सोडून. 'मन्हा दोधू गया नई,' एवढंच ती म्हणायची. रडली नाही. त्या दिवसापासून मात्र एक वेळच जेवू लागली. दोधू आला की दुसऱ्या वेळचं जेवीन, म्हणाली.

माझ्या मुलीचं लग्न माघात ठरलं होतं. घरातला माणूस धड मेलेला नाही, धड जिवंत नाही. अशा घरात मांडव कसा घालायचा? आमच्या भटजींनी क्रियेआधी बारा वर्षं थांबायला सांगितलं. मी दुसरे भटजी गाठले. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, भर दुपारी, प्रकाशा गावी तापीच्या काठी आम्ही तीनशे साठ पळसपानांचा दोधू केला. ज्याचा देह मिळत नाही त्याचा असाच करतात: डोक्याच्या जागी नारळ, हातापायांना मोजून पानं, सगळं लोकरीच्या दोऱ्याने बांधायचं. मी अग्नी दिला. आमच्यात बायका नदीवर येत नाहीत, त्यामुळे माय घरीच होती.

लग्न थाटात झालं. माय एक वेळच जेवत राहिली.

फाल्गुनापर्यंत ती इतकी वाळली की पाटल्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. मी घाबरलो. आता हिचाही निकाल लागणार, आणि तो मी लावलेला नसणार. मग मीच म्हटलं, हिला एकदा ती जागा दाखवू. तो डोह, त्या सुसरी डोळ्यांनी पाहिल्या की खात्री पटेल, पोटभर जेवेल.

खापरपर्यंत मोटारीने गेलो, पुढे बैलगाडीने. बाज्या वाटाड्या म्हणून आला. दोधूच्या शोधात डोहात उतरलेल्यांपैकी तो एक. घरी तो भिलोरी बोले, आमच्याशी बाजारातली अहिराणी.

वाटेवर पळस फुलले होते. सगळी झाडं लाल, आणि पान एकही नाही. मी गाडीत खाली बघत बसलो.

जागा देखणी होती. तेही कबूल करायला हवं. काळ्या दगडाच्या पायऱ्या उतरत गेल्या आणि तळाशी हिरवं, गार पाणी. कड्यांना आग्या मोहळं लोंबत होती. उंबरांवर वानरं होती. पलीकडच्या वाळूवर दोन सुसरी जबडे उघडून उन्हात पडल्या होत्या. मी हात करून दाखवल्या. मायने पाहिल्या आणि मान फिरवली. मग ती आमच्या बरीच पुढे, एकटीच, पाण्याकडे चालत गेली आणि काठावरच्या दगडावर बसली.

ती ऐकण्याच्या टप्प्यापलीकडे गेल्यावर बाज्याने विचारलं, "साहेब, तुमीन दोधूभाऊना पुतळा कव्हय जाळा?"

"अमावास्याले. मार्गशीर्षनी. कसाले इचारस?"

त्याने समोरच्या कड्याच्या निम्म्यावरची एक कपार दाखवली. "तठे धूर दिसे. दिवाळीनंतर, रोज सकाळले. कव्हय मव्हय मानूसबी दिसे, उन्हमा बठेल. मी दोनदा चढी गऊ. चूल गरम, मानूस नई."

"मंग माले कसं नई सांगं?"

"बाजारमा सांगं व्हतं. लोके हासनात." त्याने पुन्हा कपारीकडे बोट केलं. "त्या अमावास्याले, दुपारले, समदी कपार धूरनी भरी गई. तव्हयपशी काहीच नई."

मध काढणाऱ्यांचा धूर असेल, असं मी म्हणालो. त्या कपारीपर्यंत चढायला वाट कशी असेल, हे मी नजरेने मोजू लागलो. ती मला सापडली नाही.

तेवढ्यात वानरं गप्प झाली.

चितळांचा कळप पाण्यावर आला. मी सवयीने मोजली. अकरा. ओळीने माना खाली घालून ती पाणी पिऊ लागली. पाच इकडे, सहा तिकडे. मध्ये एका माणसापुरती जागा त्यांनी मोकळी सोडली होती.

त्या मोकळ्या जागेपुढे पाणी हलत होतं. कुणी ओंजळ भरून घ्यावी, तसं. पुन्हा. पुन्हा.

मासा असेल, मी मनाशी म्हटलं.

माय उठली आणि सरळ कळपात शिरली. एकाही चितळाने मान वर केली नाही. त्या मोकळ्या जागेशी ती गुडघ्यांवर बसली.

तिचे ओठ हलत होते. मध्येच ती थांबे, ऐके आणि मान डोलवी.

मला ओरडायचं होतं. मी दोन पावलं टाकली आणि थांबलो.

मग मायने हात वर केला आणि हवेत, बसलेल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, हळूहळू फिरवला. ते पाहून मला रडू कोसळलं. दोधू तापाने फणफणला की ती अशीच त्याच्याजवळ बसायची.

ती उठली. चितळं निघून गेली. पाणी स्थिर झालं.

परत चढताना ती माझ्या पुढे होती, आणि तिला धाप लागली नाही.

गाडीत बसल्यावर तिने शिदोरी सोडली, भाकरी मोडली. सकाळी ती एकदा जेवली होती. चार महिन्यांत प्रथमच मी तिला दुसऱ्यांदा जेवताना पाहत होतो. मला इतकं हायसं वाटलं की मघाचं सगळं मी उन्हाच्या खात्यावर टाकायला तयार झालो.

"माय, पटनं ना आते?"

"पटनं." ती सावकाश चावत होती. "तो गया. पन दिवाळीले नई गया. अमावास्याले गया."

गाडीवान पुढे बघून हाकत होता. बाज्या मागे गावाच्या वाटेला लागला होता.

"तुन्हावर राग नई शे त्याना," माय म्हणाली. "एकच इचारं त्यानी. मानूसले डोकाकडथून पेटाडतस. भाऊनी माले पायसकडथून कसाले पेटाडं, म्हने."

त्या दुपारी तापीवर वारा उलटा होता. डोक्याकडे चूड धरली तर विझायची. दोनदा विझली. भटजी पाठमोरे, कमरेइतक्या पाण्यात उभे होते. काठावर दुसरं कुणी नव्हतं. मी चूड पायांना लावली. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

मायने भाकरीचा दुसरा तुकडा मोडला.

"लई वेळ लागना म्हने," ती म्हणाली.