अकरा गवंडी

ऑफिसातल्या बाबांच्या टेबलाचा खण रिकामा करायला मी मुद्दाम सुट्टीच्या दिवशी गेले. कुणी भेटायला नको होतं. आणि बाबांच्या स्टुलावर एक माणूस बसलेला... भिंगावर वाकलेला, बाह्या ओल्या.

"कोण तुम्ही?"

"नवे साहेब," मान वर न करता तो म्हणाला. "जुन्या साहेबांच्या जागेवर येऊन आठ महिने झाले, तरी सगळे नवेच म्हणतात." मग त्याने वर पाहिलं आणि चटकन उठला. "तुम्ही त्यांच्या... बसा ना."

बाबांनी हयातभर नदीच्या तळातले किडे मोजले. दगडाखाली कोण राहतं त्यावरून पाण्याची तब्येत कळते, म्हणायचे. थंड देशांतले तक्ते आपल्या कोमट नद्यांना लागू पडेनात, म्हणून वीस वर्षं खपून त्यांनी स्वतःचा तक्ता केला. कुजक्या पाण्यातल्या लाल अळीला एक गुण. वाळूचे कण जोडून स्वतःभोवती नळी बांधणाऱ्या अळीला नऊ. तिला ते गवंडी म्हणत. अंथरुणाला खिळल्यावर मला म्हणाले होते, "पुलाखाली गवंडी परत आलेत गं. अकरा मोजले." त्यांच्या तोंडून ऐकलेली ती शेवटची आनंदाची बातमी.

मी खण आवरत होते. तो उगाच बाटल्या इकडच्या तिकडे करत होता.

"काही बोलायचंय का?"

"बोलायचंय. पण तुम्ही रागवाल."

"अजून ओळख नाही, आणि राग?"

"ओळख झाल्यावर जास्त रागवाल." तो हसला नाही. "त्यांचा शेवटचा नमुना तपासतोय. अकरा नळ्या आहेत, पण — रिकाम्या. रिकाम्या मोजत नाहीत. वरून वाहत येतात."

त्याने चिमट्याने एकेक नळी भिंगाखाली फिरवून दाखवली. सुबक बांधकाम, आत कुणी नाही. अकरा वेळा.

शेवटच्या वर्षी बाबांना बारीक दिसेनासं झालं होतं. मी चष्म्याच्या दुकानाचा पत्ता दिला होता. सोबत गेले नव्हते.

"तुम्ही गप्प बसला असतात तर?"

"तर तिथलं पाणी चांगलं आहे, असं लोकांना कळवलं गेलं असतं. तिथे मुलं पोहतात." मग हळूच, "त्यांनी वहीत स्वतःच्या सहा चुका खोडल्यात. सातवी मी लपवली असती, तर त्यांनी मला इथे बसू दिलं नसतं."

"चला," मी म्हणाले. "पुलाखाली. मला बघायचंय."

पाणी गुडघ्यापर्यंत होतं. तो वरच्या बाजूला उभा राहून पायांनी दगड हलवत होता, मी खाली जाळी धरून.

"घट्ट धरा. तुम्हीच वाहून गेलात तर मोजणी चुकेल."

"मला किती गुण?"

"अजून..." त्याची नजर माझ्यावर क्षणभर जास्त रेंगाळली, "पुरेसं निरीक्षण झालेलं नाही."

जाळी पांढऱ्या ट्रेमध्ये उपडी केली. लाल अळ्या. गोगलगाई. दोन जळवा. मी कितीतरी वेळ बोटाने वाळू चाळत राहिले. त्याने सांत्वन केलं नाही, घाई केली नाही. पाण्यात तसाच उभा राहिला.

काठावर त्याने बाबांचा मोजणीचा कागद पुढे केला. "एकच रेघ मारायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी मी सही करतो."

मी रेघ मारली. तिच्याखाली अकरा स्वच्छ दिसत होते. बाबांच्या अक्षरात.

"पुढच्या महिन्यात पुन्हा बघावं लागेल," सही करून तो म्हणाला. "जाळी धरायला माणूस लागतं."

"ऑफिसात माणसं नाहीत?"

"आहेत. तीन आहेत." तो थांबला. "पण... मला तुम्ही हव्या आहात."

"महिनाभर नका थांबवू," मी म्हणाले, आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच कुणासमोर रडले.

त्याने ट्रे खाली ठेवला आणि तो शेजारच्या दगडावर बसला.