सूर्यभानाची तक्रार

सूर्यभानानं भाकरी तोडली नाही. आधी ती दोन बोटांत धरून हळूच ताणून पाहिली, मग उजेडाकडे धरली.

"काय पाहून राहिले?" स्वयंपाकघराच्या दारातून सत्यवतीनं विचारलं. "कापूस नाई तो."

"कापूस असता तं प्रत लावली असती. हिले कोणती लावू?"

पंगत हसली. सत्यवतीला राग यायला हवा होता. पण तिची नजर त्याच्या भुवयांवर गेली. तिथं रुईचे दोन तंतू अडकले होते… ते आपणच पुसावेत, असं मनात आलं, आणि ती घाईघाईनं चुलीकडे वळली.

ती वर्षं कापसाची होती. दूर अमेरिकेत लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून तिथले व्यापारी वऱ्हाडचा कापूस मागत होते. अमरावतीच्या बाजारात गाड्यांमागे गाड्या येत. त्यांच्याबरोबर आलेल्या माणसांनी जन्मात घराबाहेर जेवण केलं नव्हतं. बाजारामागच्या तानुबाईच्या खानावळीत ती बसत आणि कावत. पानावर बसावं, तर पाठीशी दुसरी पंगत उभी राहून खाकरायची. वरण येईपर्यंत भाकरी गार व्हायची, आणि वरण आलंच तर त्यात डाळ शोधावी लागायची. वाढपी जवळून जाताना नेमका बहिरा व्हायचा.

सूर्यभान मूळचा हिवरखेडचा, एका व्यापाऱ्याकडे पारखी होता. शेतकऱ्याचा कापूस बोटांनी ताणून त्यातली कवडी म्हणजे किडका, डागी कापूस, माती, ओल शोधायची, हे त्याचं काम. दिवसभर खोट काढून तो जेवायला येई आणि तिथंही तेच करी.

"आज तीन निघाले," वरणातले खडे पानाच्या कडेला मांडून तो म्हणायचा.

"मोजूनच टाकते मी."

"मंग मले एक कमी टाकत जा. दाढ दुखते."

"ज्याची दाढ दुखते, त्यानं एवढं बोलू नाई."

रोज येणाऱ्या गिऱ्हाइकांचे तांबे भिंतीवरच्या खुंट्यांना टांगलेले असत, कारण दुसऱ्याच्या भांड्यानं कुणी पाणी पीत नसे. चौथ्या खुंटीवरचा चेपक्या गळ्याचा तांब्या सूर्यभानाचा. दुपार झाली की सत्यवतीची नजर त्या खुंटीकडे जायची, आणि तो तांब्या हलला की तिच्या छातीत धस्स व्हायचं. तिला कुणाची वाट पाहायची भीती वाटत असे.

त्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा सकाळी वखर घेऊन शेतात गेला आणि दुपारी पटकीनं, म्हणजे उलट्या-जुलाबांच्या साथीनं, आडवा झाला. तो पाणी मागत होता. अशा रोग्याला पाणी देऊ नये, असं जाणती माणसं म्हणाली आणि त्यांनी सत्यवतीला उंबऱ्याबाहेर बसवलं. दिवस मावळायच्या आत सगळं संपलं. मग तानुबाई, तिची मावशी, तिला इकडे घेऊन आली.

चैत्र लागला. विहिरींचं पाणी खोल गेलं. एका दुपारी सूर्यभानानं पहिला घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला.

"बाई, पाण्याले वास येऊन राहिला."

तीस माणसांनी आपापल्या तांब्यांत पाहिलं. सत्यवतीच्या कानशिलांना आग लागली.

"रोज एक खोट. एवढं वाईट हाये तं येता काहून? जा, दुसरीकडं जेवा."

तो तिच्याकडे बघत राहिला. "जाऊ?"

"जा."

अर्धं पान टाकून तो उठला. तांब्या न्यायचाही विसरला. भांडी आवरताना तिनं तो धुऊन खुंटीला अडकवला, आणि मग घागरीच्या तोंडाशी नाक नेलं. पाण्याला वास होता. त्या संध्याकाळपासून ती लांबच्या, देवळामागच्या विहिरीवरून पाणी आणू लागली.

तो दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही.

चौथ्या दिवशी नत्थुजी गाडीवान आला, पण आत आला नाही. अंगणाच्या कडेलाच उभा राहिला.

"तानुमावशी, गाडीतळावर पटकी लागली. चार जण गेले. इथून उठून गेला तो पारखी आमच्यासंगच जेवत होता. पाणीही तिथल्याच विहिरीचं… दुसरं हाये कुठं तिथं? आज पहाटे तोही पडला."

सत्यवतीच्या हातातली पळी चुलीत पडली. ज्यानं पाण्याचा वास ओळखला, त्यालाच तिनं गाडीतळाच्या विहिरीकडे हाकललं होतं.

तिनं तांदळाची पातळ पेज उकळली, मीठ घातलं आणि खुंटीवरचा तांब्या काढला. दाराशी तानुबाई आडवी आली.

"लोक काय म्हणतीन ते सोड. पण तू परत येशीन का, पोरी?"

"मावशी, मागल्या खेपेले मी उंबऱ्यावर बसली होती. आता नाई बसत."

भर दुपारी गाडीतळ मुका होता. बैल सुटे, गाड्या जू वर करून उलाळ, पोती उसवून कापूस वाऱ्यावर सांडलेला. एका गाडीच्या सावलीत सूर्यभान पडला होता. डोळे खोल गेलेले, ओठ राखेच्या रंगाचे. तिनं तांब्याची कड त्याच्या ओठांना लावली. एक घोट गेला… मग दुसरा. त्यानं डोळे उघडले.

"कशी हाये पेज?" तिनं विचारलं.

"चांगली हाये."

तिच्या अंगावर काटा आला. सबंध हंगामात त्यानं हा शब्द उच्चारला नव्हता.

"नीट सांगा. मीठ?"

"बरोबर हाये. सगळं बरोबर हाये, बाई…"

माणूस निघताना सगळ्यांना माफ करतो, तसा तो आवाज होता. तिला वाटलं, त्याला धरून हलवावं, 'खडा निघाला' म्हणा, असं सांगावं.

"पाणी देऊ नोका जी," नत्थुजी दुरून म्हणाला.

"मी देईन," ती म्हणाली, आणि लांबच्या विहिरीचं पाणी उकळून, गार करून घोट-घोट देत राहिली. काही पोटात टिकलं, बरंच उलटलं. ती पुन्हा देई. दुसऱ्या दिवशीही तिनं विचारलं आणि तो म्हणाला, "चांगली हाये."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती पोचली, तेव्हा तो गाडीच्या चाकाला टेकून बसला होता. तिनं तांब्या पुढे केला. त्यानं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"हे काय हाये?"

"काहून? काय झालं?"

"मीठच नाई."

तिनं बोट बुडवून चाखलं. खरंच, धांदलीत मीठ राहून गेलं होतं. ती हसायला लागली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावून तिथंच मातीत बसली.

"एक विचारू?" डोळे पुसून ती म्हणाली. "तुमी काढल्या त्या साऱ्या खोटी खऱ्या होत्या?"

"खडे खरे होते. पाणी खरं होतं." त्यानं तांब्याच्या चेपक्या गळ्यावरून बोट फिरवलं. "भाकरीत काई नोतं. तुमी चुलीपासून उठून दारात यावं, म्हणून ताणत होतो."

वाऱ्यावर कापसाचा एक तंतू आला आणि त्याच्या भुवईवर बसला. या वेळी तिनं तो बोटानं काढला. त्यानं डोळे मिटून घेतले.

"तानुमावशीले विचारीन म्हणतो," तो डोळे मिटूनच म्हणाला. "पाटाचं."

दोघंही कुणबी. विधवेनं पुन्हा संसार मांडायचा तर त्यांच्यात पाट लावत. सत्यवतीनं बोटावरचा तंतू ताणून पाहिला.

"मले भेव वाटते."

"काय्चं? लोकाईचं?"

"नाई. तुमी पुन्हा कधी 'चांगली हाये' म्हणसान, त्याचं."

सूर्यभानानं तांब्या तिच्या हातात परत दिला.

"नाई म्हणत," तो म्हणाला. "सत्यवती, मीठ आण."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यानं 'बाई' सोडून तिला नावानं हाक मारली होती. तांब्या छातीशी धरून ती मीठ आणायला निघाली. चालता चालता ती पळायलाच लागली.