पलीकडचा खटका

लाल रंगाची, दोन सीटची, डावीकडे स्टिअरिंग असलेली, कापडी टपाची इटालियन गाडी. जाहिरातीत एवढंच लिहून निवृत्त लिफ्ट-तपासनीस अडला. पुढचं लेकीने पुरं केलं. गाडी काढून टाकायची, हा आग्रहही तिचाच होता.

टप उघडायचा तर पुढच्या काचेवरचे दोन खटके एकदम ओढावे लागत, नाहीतर सांगाडा पिळवटून बसे. डावा खटका त्याचा, उजवा बायकोचा. ती "हं" म्हणायची की दोघं ओढायची. हिवाळ्यात ती गेली. त्यानंतर त्याने खटक्याला हातच लावला नाही.

फोटो काढायला तो गॅरेजमध्ये गेला, तर तिची सीट पार पुढे सरकलेली. बायको बुटकी, काचेला नाक लावून बसायची. त्यावरून तो तिला फार चिडवायचा. त्याने सीट मागे ढकलली. सकाळी बघतो तर पुन्हा पुढे.

"गाडीत बसली होतीस का गं?"

"बाबा, किल्ली तुमच्याच खिशात असते."

नोकरीभर त्याने लिफ्ट तपासल्या होत्या. लोक सांगत, ही आपोआप वर जाते. तो झिजलेला भाग काढून त्यांच्या हातावर ठेवी. सीटचा रूळ झिजला असणार. त्याने बोल्ट घालून सीट मागे पक्की केली.

दुसऱ्या दिवशी सीट पुढे होती आणि बोल्ट खाली पडला होता. आटे शाबूत होते. त्याने बोल्ट उचलला. कोणीतरी मुठीत धरून ठेवल्यासारखा तो कोमट लागला. ऊन आलं असेल, असं म्हणून त्याने तो फळीवर ठेवला. गॅरेजला खिडकी नव्हती.

गिऱ्हाईक म्हणून एक तरुण दंतवैद्य आला. गाडी बघून पोरासारखा हरखला.

"टप उघडून दाखवता, काका?"

"एकट्याने नाही व्हायचं. दुसरं माणूस लागतं."

"मी आहे की." दंतवैद्याने उजव्या खटक्याकडे हात नेला.

तिथे परका हात तपासनीसाला बघवेना. "राहू द्या," तो म्हणाला, "घरी नेऊन बघा." आणि सौदा पक्का करून किल्ली देऊन टाकली.

गाडी वळणाआड गेली तेव्हा तो लेकीसमोरच रडला.

रविवारी दंतवैद्याचा फोन आला.

"काका, उगीच घाबरवलंत मला! मी डावा धरला की उजवा आपला आपण सुटतो. थांबा, ऐकवतोच."

"सोबत कोण आहे तुमच्या?"

"कोणी नाही हो. एकटाच आहे."

मग तिचा आवाज, नेहमीसारखा घाईतला.

"हं."

दोन खटके एकदम सुटले.

"ऐकलंत?" दंतवैद्य हसत होता.

गेल्यापासून ती तिथेच बसून होती. त्याने एकदा, फक्त एकदा डाव्या खटक्याला हात लावायला हवा होता.

"गाडी परत द्या मला," तो म्हणाला. "काय हवं ते घ्या."

"काय म्हणालात? वाऱ्यात ऐकू येत नाही, काका. निघालो मी!"

फोन बंद झाला. तो गॅरेजमध्ये गेला. फळीवर बोल्ट तसाच होता. त्याने तो मुठीत धरला. लेक जेवायला हाक मारत राहिली, तो धरूनच उभा होता.

बोल्ट गारच राहिला.