काशीरामला ठाऊक, गुणाजीला नाही

साकीनाक्याच्या लेबलं छापायच्या कारखान्यात ॲन्ड्रिया पहिल्यांदा आली, लॅपटॉप उघडला आणि काय म्हणाली असेल? "ए, मला पत्ता दे ना!"

समोर डेल्रॉय. कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर सांभाळणारा गडी, पण तिच्या डोळ्यांकडे बघून स्वतःच बंद पडलेला. घाईघाईनं म्हणाला, "मरोळ गावठाण... क्रूसाच्या मागे, कौलारू घर. दारात जांभळाचं झाड."

"नेटवर्कवरचा पत्ता रे! लॅपटॉपला नंबर मिळत नाहीये."

ती अशी हसली, की छपाईची यंत्रं दोन मिनिटं थांबून ऐकत राहिली. खोटं वाटत असेल तर शेजारच्या आरे कॉलनीतल्या म्हशींना विचारा, त्यांनीही कान टवकारले होते.

घोळ असा होता. कारखान्यातल्या चाळीस यंत्रांना पत्ते वाटायला एकच सर्व्हर. तो आजारी पडला, की चाळीसही मुकी. म्हणून जोडीला दुसरा बसवायला ॲन्ड्रियाला तीन आठवड्यांसाठी बोलावलेलं. तिनं जुन्याचं नाव ठेवलं काशीराम, नव्याचं गुणाजी. दोघांनी मिळून पत्ते वाटायचे आणि दर सेकंदाला एकमेकांना विचारायचं, "आहेस का?" "आहे." उत्तर आलं नाही, की दुसऱ्यानं सगळा भार उचलायचा.

डेल्रॉयनंही तेच धरलं. दिवसातून दहादा चहा घेऊन तिच्या टेबलाशी. "आहेस का?"

"आहे रे. जाणार कुठे?"

पण जाणार होती. शेवटची चाचणी झाली, की सोमवारपासून पुणे, दोन वर्षं. आणि याच्या तोंडून शब्द फुटेना...

शुक्रवारी दुपारी ती म्हणाली, "चल, काशीरामला झोपव. बघू गुणाजी निभावतो का."

डेल्रॉयनं बटण दाबलं. चाळीसही यंत्रं खडखडत राहिली. झकास! तिनं स्वतःचा लॅपटॉप काढून परत जोडला – आणि कपाळाला आठी.

"माझा पत्ता कसा बदलला? रोज शेवटी सत्तावीस असायचं. उठव काशीरामला."

तिनं काशीरामची यादी उघडली. बाहेरून आलेल्या पाहुण्या लॅपटॉपचे पत्ते आठ तासांनी परत घेतले जात होते. एकाच ओळीत वेगळं लिहिलं होतं – राखीव. ॲन्ड्रिया. मुदत: कायम.

डेल्रॉयचा चेहरा लाल शाईच्या डब्यात बुडवल्यासारखा. "पहिल्याच दिवशी... म्हणजे... तू परत आलीस तर..."

"आणि गुणाजीला सांगितलंच नाहीस?"

"मला वाटलं, आपोआप कळेल."

"वाटलेले पत्ते आपोआप कळतात. राखून ठेवलेला नाही कळत. तो दोन्हीकडे हातानं लिहावा लागतो." मग हळूच म्हणाली, "एकट्यानंच मनात ठेवलं की असं होतं बघ, येड्या."

तिनं गुणाजीचा कीबोर्ड ओढला. एकेक अक्षर टाइप केलं – राखीव. ॲन्ड्रिया. मुदत: कायम.

"पण... पुणे?"

"पुणे आहेच. दर शनिवारी येऊन लॅपटॉप जोडून बघणार. सत्तावीस दिसलं नाही, तर तुझी वाट लागली समज." ती लॅपटॉप पिशवीत टाकत थांबली. "आणि तो दुसरा पत्ता परत सांग ना. क्रूसाच्या मागे, कौलारू घर... झाड कसलं म्हणालास?"

"जांभळाचं," डेल्रॉय म्हणाला.

त्या वर्षी त्या झाडाला नाताळापर्यंत जांभळं लागत होती. विचारा म्हशींना.